आशीर्वादांची वही: मिळालेले पुढे देण्याची रीत

रविवारच्या उपासनेत साक्षीची, म्हणजे देवाचे उपकार सर्वांसमोर सांगण्याची, वेळ आली की नागपुरातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चच्या समुदायांत) साधारण सारखीच वाक्ये ऐकू येतात: मुलाला पुण्यात नोकरी लागली, बेसा भागात स्वतःचे घर झाले, आईचे ऑपरेशन सुखरूप पार पडले, प्रभूने आम्हांला आशीर्वादित केले. ही साक्ष मनापासून दिलेली असते आणि तिच्यात खोट काढण्यासारखे काहीच नसते. परंतु उपकार मानून झाले की पुष्कळदा विषय तेथेच मिटतो, आणि पवित्र शास्त्रात तो तेथे मिटत नाही. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात देव अब्राहामाला आशीर्वादाचे अभिवचन देतो तेव्हा त्याच दमात तू इतरांना आशीर्वाद हो, असेही सांगतो. प्रेषित पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी याच गोष्टीला अधिक जवळून हात घालतो: संकटात देव आपले सांत्वन करतो ते अशासाठी की, ज्या सांत्वनाने आपल्याला धीर मिळाला त्याच सांत्वनाने आपण दुसऱ्या संकटग्रस्ताला धीर द्यावा. कुटुंबाने देण्याची सुरुवात कोठून करावी, या प्रश्नाचे सर्वांत उपयुक्त उत्तर मला या वचनात सापडते. जे ज्या स्वरूपात मिळाले, ते त्याच स्वरूपात पुढे द्यावे. त्यासाठी आधी काय मिळाले हे नीट ठाऊक असावे लागते, आणि म्हणून पहिली गरज पैशांची नसून एका साध्या वहीची आहे.

ही वही घरातल्या सर्वांनी एकत्र बसून लिहावी. एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला जाण्यापूर्वीचा आठवडा त्यासाठी चांगला असतो, कारण वर्ष डोळ्यांसमोर असते आणि नाताळासाठी बाहेरगावची मुले घरी आलेली असतात. तथापि वर्षातला कोणताही निवांत रविवार चालेल. पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात काय मिळाले ते लिहावे, दुसऱ्यात ते कोणाच्या हातून आले ते लिहावे, आणि तिसरा रकाना तूर्त कोरा ठेवावा.

पहिल्या रकान्यात मोघम शब्द लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा. “चांगले आरोग्य” ही नोंद फारशी उपयोगाची नाही. “मे महिन्यात आजीला ऊन लागले तेव्हा शेजारच्या काकूंनी ऑटो थांबवून तिला दवाखान्यात नेले आणि आम्ही कामावरून पोहोचेपर्यंत त्या तिच्याजवळ बसून राहिल्या” ही खरी नोंद होय. तिच्यात काय मिळाले, कोणी दिले, कोणत्या वेळी दिले आणि त्यासाठी त्या व्यक्तीने स्वतःचे काय बाजूला ठेवले, हे सर्व येते. याच तपशिलातून पुढे देण्याची दिशा ठरणार असते. तरुण मुले प्रथम दोन-तीन ओळींवर थांबतात. त्यांना दहावीच्या वर्षी गणित कोणी शिकवले, पहिल्या मुलाखतीला जाताना शर्ट कोणाचा होता, असे प्रश्न विचारावेत, म्हणजे पान भरू लागते.

दुसऱ्या रकान्यात प्रामाणिकपणा हवा. “देवाने दिले” हे सर्वच नोंदींबाबत खरे आहे, म्हणून तेवढेच लिहून भागणार नाही. देवाने ते कोणाच्या हातून दिले, हे आपल्याला शोधायचे आहे. त्या यादीत हिंदू शेजारी असतील, बौद्ध सहकारी असतील, मोमिनपुऱ्यातला दुकानदार असेल ज्याने उधारीवर शिलाई मशीन दिली. त्यांची नावे वगळणे हा त्यांच्यावर अन्याय आहेच, शिवाय देवाच्या औदार्याचे चित्रही त्यामुळे अपुरे राहते.

आपल्या जन्मापूर्वीच्या नोंदींसाठीही एक पान राखून ठेवावे, असा माझा आग्रह आहे. नागपुरातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांत पणजोबा किंवा आजी मिशनच्या शाळेत शिकलेली, वसतिगृहात वाढलेली, किंवा मिशनच्या दवाखान्यात परिचारिका झालेली आढळते. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून या शहरात आले आणि त्यांनी शाळा काढली. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून चालू आहे. अशा शाळांसाठी आणि दवाखान्यांसाठी लागलेला पैसा समुद्रापलीकडच्या मंडळ्यांतून, पुष्कळदा साध्या कष्टकरी माणसांच्या अर्पणातून, आलेला होता. ज्यांनी तो दिला त्यांनी नागपूर कधी पाहिले नाही आणि आपले पणजोबा कोण हेही त्यांना कधी कळले नाही. आपल्या घरात पदवी, नोकरी आणि वाचनाची सवय ज्या वाटेने आली त्या वाटेच्या टोकाशी अनोळखी माणसांचे देणे उभे आहे, हे मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिले की अनोळखी माणसाला का द्यावे, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्या घरात यंदा मृत्यू झाला, नोकरी गेली किंवा आजार बळावला, त्या घरावर वही लिहिण्याची सक्ती करू नये आणि दुःखाला ओढूनताणून आशीर्वादाचे नाव देऊ नये. संपत्ती वाढली म्हणजे देव प्रसन्न आणि घटली म्हणजे देव नाराज, हा हिशेब शास्त्रातल्या संकटग्रस्त ईयोबाच्या मित्रांचा होता आणि देवाने त्यांना त्याबद्दल फटकारले. याच हिशेबाची दुसरी बाजू हल्ली काही सभांतून ऐकू येते: इतके “बीज” पेरा, म्हणजे शंभरपट परत मिळेल. मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील आकाशाची दारे उघडण्याचे वचन त्यासाठी वापरले जाते. त्या वचनात दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, भांडारात आणण्यास सांगितले आहे, म्हणजे देवाच्या घरात अन्न असेल. आणि दशांशाच्या नियमांत दर तिसऱ्या वर्षाचा दशांश लेवी (उपासनेची सेवा करणारा वंश), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावा म्हणून गावातच ठेवण्याची आज्ञा ‘अनुवाद’ या जुन्या करारातील पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात आहे. ज्या दानाचे पहिले उद्दिष्ट उपाशी माणसाचे जेवण आहे, त्याला नफ्याची गुंतवणूक समजणे मला वचनाचा विपर्यास वाटतो. परत मिळावे म्हणून देणाऱ्याने वही उघडूच नये, कारण तिच्यातली प्रत्येक नोंद आधीच मिळून गेलेल्या गोष्टीची आहे.

आता तिसरा रकाना. प्रत्येक नोंदीसमोर एकच प्रश्न लिहावा: हेच आज कोणाला हवे आहे? आजीजवळ कोणी बसून राहिले असेल, तर कोणाच्या तरी आजीजवळ बसावे. शाळेची फी कोणी भरली असेल, तर एका मुलाची फी, वह्या किंवा बसचा पास यांचा भार उचलावा. भाड्याने खोली मिळत नसताना कोणी शब्द टाकला असेल, तर गडचिरोलीहून किंवा मेळघाटातून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यासाठी घरमालकाकडे आपण शब्द टाकावा. अशा देण्याला एक मोठा फायदा असतो: त्या गरजेचा आतला भाग आपल्याला ठाऊक असतो, त्यामुळे निरुपयोगी मदत हातून घडत नाही.

दवाखान्याचे उदाहरण थोडे विस्ताराने सांगतो, कारण नागपूर हे आजूबाजूच्या सगळ्या मुलखाचे दवाखान्यांचे शहर आहे आणि आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक घराने ते दिवस काढलेले आहेत. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, तसेच मध्य प्रदेशातल्या बालाघाट आणि छिंदवाड्याहून रुग्ण भरती होतात. रुग्णाजवळ एखादेच माणूस थांबू शकते. बाकीचे नातेवाईक बाहेर झाडाखाली किंवा व्हरांड्यात चादर अंथरून असतात. तेथे जाऊन बिस्किटांचे पुडे वाटणारे पुष्कळ येतात. ज्याने ते दिवस स्वतः काढले आहेत त्याला ठाऊक असते की, रात्री दोन वाजता रक्त आणण्याची चिठ्ठी हातात पडल्यावर रक्तपेढी कोणत्या इमारतीत आहे हे सांगणारे माणूस बिस्किटांपेक्षा फार मोलाचे असते. एक्स-रेची रांग कोठे लागते, औषध आत मिळाले नाही तर डॉक्टरांकडून काय लिहून घ्यावे, मोबाइल चार्ज कोठे करावा, आंघोळीची सोय कोठे आहे, हे त्यांना कळत नसते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार कार्ड लागते आणि त्या कामासाठी रुग्णालयात “आरोग्यमित्र” नेमलेला असतो, हे अनेकांना गावाहून निघताना कोणी सांगितलेले नसते. कार्ड घरी राहिल्याचे कळेपर्यंत दोन दिवस जातात. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक हे पदही असते, आणि निराधार रुग्णाच्या बाबतीत प्रथम त्यांना भेटणे योग्य ठरते. ही माहिती एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि हिंदीत लिहून, ती वेळोवेळी पडताळून, तिच्या प्रती जवळ ठेवाव्यात आणि शक्य तेथे माणसासोबत त्या खिडकीपर्यंत चालत जावे.

जेवण न्यायचे असेल तर ते सहसा सोबतच्या नातेवाइकांसाठी न्यावे. रुग्णाला काय चालते हे परिचारिकेला विचारल्याखेरीज काहीही भरवू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, सकाळी केलेली रस्सा भाजी दुपारपर्यंत आंबते, म्हणून एप्रिल ते जूनमध्ये पोळ्या, सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि थंड पाण्याचा कॅन असाच बेत ठेवावा. एकट्याने जाऊ नये. कॅथलिक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सदस्य गरजूंच्या घरी दोघे-दोघे मिळून जातात. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या या कार्याची ही रीत इतर मंडळ्यांनीही घेण्याजोगी आहे. दोघे असले की एकाला ऐकता येते आणि दुसऱ्याला धावपळ करता येते, आणि पैशाच्या व्यवहाराला साक्षीदारही राहतो.

पैशाबद्दल बोलताना आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिच्याकडे दुर्लक्ष होते. ज्याचे त्याला चुकते करणे हे दानाच्या आधी येते. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, असे लेवीय १९ मध्ये आहे, आणि शेतात राबलेल्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असे याकोब लिहितो. घरकाम करणाऱ्या ताई गावी गेल्या म्हणून त्यांचा पगार कापायचा आणि त्याच महिन्यात मंडळीत मोठ्या रकमेचा लिफाफा द्यायचा, हे देवाला मान्य होईल असे मला वाटत नाही. आईवडिलांबाबतही तसेच. “हे देवाला अर्पण केले आहे” असे म्हणून आईवडिलांना मदत नाकारणाऱ्यांना येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात कठोर शब्दांत सुनावले आहे.

त्यानंतर दशांशाचा प्रश्न येतो. अनेक मंडळ्या दशांशाची शिकवण देतात आणि ज्या कुटुंबाला ते जमते त्याने अवश्य द्यावा. पण गृहकर्जाचे हप्ते, कोचिंग क्लासची फी आणि आजारपण यांत अडकलेल्या कुटुंबाने दहा टक्के जमत नाहीत म्हणून शून्यावर राहू नये. पौलाने करिंथ येथील मंडळीला सांगितलेली पद्धत मला सर्वांत व्यवहार्य वाटते: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे. यात दोन गोष्टी आहेत, नियमितपणा आणि प्रमाण. महिन्याच्या शेवटी उरले तर देऊ, असे म्हणणाऱ्या घरात काही उरत नाही. म्हणून पगार जमा होताच ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात किंवा डब्यात जावी. रोजंदारीवर असलेल्याने रविवारी काढावी. त्यातला काही भाग मंडळीच्या अर्पणात द्यावा, कारण पाळकसाहेबांचे मानधन आणि मंदिराची, म्हणजे चर्चच्या इमारतीची, देखभाल त्यावर चालते, आणि काही भाग वहीच्या तिसऱ्या रकान्यासाठी राखावा. किती भाग कोठे, हे पतिपत्नीने मिळून ठरवावे. एकाने दुसऱ्याला न सांगता देणे घरातली शांती घालवते.

संस्थेला द्यायचे असल्यास ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का ते पाहावे, पावती घ्यावी, आणि प्राप्तिकरात सवलत घ्यायची असेल तर २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोख देऊ नये, कारण त्यावर सवलत मिळत नाही.

देण्याच्या पद्धतीबाबत शास्त्रात फार नाजूक समज दिसते आणि तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. शेताची कापणी करताना बांधालगतच्या कडा पूर्ण कापू नयेत आणि पडलेला सरवा वेचू नये, तो गरीब आणि परदेशी यांच्यासाठी सोडावा, असा नियम इस्राएलात होता. मवाबी रूथने बवाजाच्या शेतात असाच सरवा वेचला. तिने हात पसरला नाही; ती कष्ट करून, ताठ मानेने सासूसाठी धान्य घेऊन घरी गेली. शिलाई येणाऱ्या विधवा भगिनीला मंडळीतल्या गायकगटाच्या कपड्यांचे काम चालू बाजारभावाने देणे, किंवा नोकरी गेलेल्या तरुणाला आपल्या कार्यालयातल्या रिकाम्या जागेची वेळेवर खबर देणे, हा आजच्या शहरातला सरवा होय. वर्षातून एकदा हाती साडी ठेवण्यापेक्षा त्याचे मोल फार अधिक आहे.

कापणीच्या सणाला मंदिरात ही गोष्ट आणखी जवळून पाहता येते. वेदीसमोरच्या टेबलांवर कोहळे, वांगी, तुरीच्या शेंगा, संत्र्यांच्या टोपल्या, घरची लोणची, कोणी आणलेली कोंबडी असे सारे मांडलेले असते, आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. एखादा नारळ कोणी चढ्या भावात घेतो आणि पुन्हा मंडळीला देऊन टाकतो. मग तोच नारळ दुसऱ्याच्या नावावर लागतो, परत येतो, आणि निधी वाढत जातो. या आनंदात सर्वांना भाग मिळावा म्हणून कार्यकारिणीने काही वस्तूंची बोली अगदी कमी रकमेपासून सुरू करावी, आणि जमलेली रक्कम कशासाठी वापरणार हे लिलावाच्या आधी जाहीर करावे. विधवेची दोन नाणी येशूने सर्वांहून अधिक मोजली, तेव्हा मोठ्या बोलीवर टाळ्या वाजवताना लहान बोलीकडे कोणाचे हसून पाहणे होणार नाही, याची जबाबदारी लिलाव पुकारणाऱ्यावर आहे.

गुप्ततेचे काय? उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तय ६ मधील वचन आज मोबाइलला लागू करावे. धान्याची पिशवी घेणाऱ्या बाईचा फोटो काढू नये, काढलाच तर मंडळीच्या गटात टाकू नये. निधी देणाऱ्यांना हिशेब हवा असतो, तो आकड्यांनी आणि पावत्यांनी द्यावा; त्यासाठी कोणाचा चेहरा लागत नाही.

मदतीला विश्वासाची अटही नसावी. येशूच्या दाखल्यात वाटेत जखमी पडलेल्या माणसाला शोमरोन्याने, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत आणि ज्यांचा उपासनेचा डोंगरही वेगळा होता अशांपैकी एकाने, उचलले, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगितले. तो माणूस कोणत्या डोंगरावर उपासना करतो हे त्याने विचारले नाही. भाकरीच्या बदल्यात उपासनेला येण्याची अपेक्षा ठेवणे हे त्या माणसाच्या सद्सद्विवेकावर दडपण आणणे आहे आणि ख्रिस्ताच्या नावालाही ते शोभत नाही. कोणी आपणहून आपल्या विश्वासाबद्दल विचारले तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यावे, तेवढे पुरे.

लहान मंडळीला एकटीने हे सारे पेलत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपुरात वेगवेगळ्या परंपरांच्या सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. ज्या शहराने इतके मोठे ऐक्य पाहिले तेथे शेजारच्या दोन मंडळ्यांनी मिळून रुग्णालयातली एक पाळी वाटून घेणे अवघड वाटू नये. एका मंडळीकडे गाडी असेल, दुसरीकडे निवृत्त परिचारिका असतील. महिन्यातून एकदा दोन्हीकडच्या महिला मंडळांनी बसून कोण कोणत्या दिवशी जाणार हे ठरवले, तर उत्साहाच्या भरात एका रविवारी वीस जण आणि पुढचे तीन आठवडे कोणीच नाही, असे होत नाही.

राहिला प्रश्न घेण्याचा, जो देणाऱ्या घरांना सर्वांत जड जातो. वर्षानुवर्षे दुसऱ्यांना देत आलेले कुटुंब स्वतः अडचणीत आले की गप्प बसते, आणि मंडळीला कळते तेव्हा दागिने गहाण पडलेले असतात. पौल तुरुंगात असताना फिलिप्पै येथील मंडळीने पाठवलेली मदत त्याने मोकळ्या मनाने स्वीकारली आणि तिला देवाला आवडणारा सुगंधी यज्ञ म्हटले. अशा वेळी पाळकसाहेबांना किंवा मंडळीतल्या विश्वासातल्या एखाद्या वडीलधाऱ्यांना गाठून गरज नेमक्या शब्दांत सांगावी: किती रक्कम हवी, कोणत्या तारखेपर्यंत, त्यातले आपल्याकडे किती आहे, आणि पैशांखेरीज काय चालेल. रुग्णालयात रात्री थांबायला माणूस हवे असेल तर तसे स्पष्ट सांगावे, कारण पैसे नसलेला पण वेळ असलेला भाऊ त्यालाच हात देऊ शकतो. मिळालेली मदत त्याच दिवशी वहीत पहिल्या रकान्यात लिहावी, देणाऱ्याचे नाव दुसऱ्यात लिहावे, आणि तिसरा रकाना घर सावरेपर्यंत कोणतीही घाई न करता कोरा ठेवावा.